पाण्याच्या टाकीजवळची काळी रेघ

मुकादमाला कामावर सगळे फूटपट्टी म्हणतात आणि घरातही फूटपट्टीच म्हणतात. फरक एवढाच, की घरातले तोंडावर म्हणतात. भिंतीवरचं कॅलेंडर केसभर कललं तरी त्याचा घास तोंडापर्यंत जात नाही. दुसऱ्याच्या घरी पाहुणा म्हणून गेला तरी आधी पायाने चटई भिंतीला समांतर करतो आणि मगच तिच्यावर बसतो. लग्न ठरत होतं तेव्हा बायकोच्या आईने विचारलं होतं, "मुलगा करतो काय?" मध्यस्थाने खरं ते सांगितलं, "रस्त्यावर रेघा मारतो." त्या माउलीला वाटलं, रिकामटेकडा दिसतोय. दोन दिवस ती कुणाशी धड बोलली नव्हती.

आता त्या रेघांना एकतीस वर्षं झाली. शहरातल्या डांबरी रस्त्यांवर मधोमध आणि कडेने ज्या पांढऱ्या रेघा दिसतात, त्यातल्या निम्म्याहून जास्त मुकादमाच्या हातच्या. काम सोपं वाटतं, पण नाही. सकाळी वाहतूक सुरू व्हायच्या आत दोघांनी दोन टोकांना दोरी धरायची. दोरीला खडूची पूड फासलेली. ती ताणायची, मध्यावर चिमटीत उचलायची आणि सोडून द्यायची. टण्ण! डांबरावर धाग्याएवढी खूण उमटते. मग त्या खुणेवरून हातगाडी न्यायची. तिच्या पोटात भट्टीवर वितळवलेला रंग असतो, मधासारखा दाट. रंग गरम आहे तोवर वरून काचेचे मणी भुरभुरायचे, साखरेहून बारीक. अंधारात गाडीचा दिवा पडला की रेघ लखलखते ती या मण्यांमुळे. हे सगळं झालं, की मुकादम चक्क रस्त्यावर आडवा होतो. गाल डांबराला टेकतो, एक डोळा मिटतो आणि रेघेच्या अंगाने लांबवर बघतो. कुठे नखभर वाकली असेल तर तेवढा तुकडा खरवडून पुन्हा मारायला लावतो. "उभ्याने सगळ्याच रेघा सरळ दिसतात," हे त्याचं ठरलेलं वाक्य. त्याच्या बायकोला शर्टाचा डावा खांदा डांबराने काळा झालेला दिसला, की ती ओळखते, आज रेघ पूर्ण झाली.

पण एवढं करून त्या रेघेकडे बघतं कोण? कुणी नाही. भिंत रंगवणाऱ्याला लोक म्हणतात, रंग छान आहे हो. रेघ मारणाऱ्याला म्हणतात, बाजूला व्हा हो, गाडी जाऊ दे.

म्हणून, शहरात बिनड्रायव्हरची गाडी आली तेव्हा सगळ्यात जास्त ऐट मुकादमाला चढली. लहानशीच गाडी, सहा माणसं बसतील एवढी. वसाहतीपासून स्टेशनावरून कारखान्यांच्या रस्त्यापर्यंत आणि परत. सहा महिने चालवून बघायची, मग ठेवायची की नाही ते रस्ते विभागाच्या साहेबांनी ठरवायचं. गाडी बनवणाऱ्या कंपनीकडून एक तरुण इंजिनिअर बाई आल्या होत्या. त्यांनी सगळ्या मुकादमांना बसवून समजावलं, "गाडीला कॅमेरे आहेत. ती रस्त्यावरच्या रेघा वाचत चालते. रेघ चांगली, तर गाडी चांगली." त्या दिवशी मुकादम घरी आला तो चार बोटं उंच होऊन.

"ऐकलंस का गं," तो बायकोला म्हणाला, "एकतीस वर्षांत पहिल्यांदा माझी रेघ कुणीतरी वाचणार आहे."

"वाचू दे," बायको म्हणाली. "पण तिला सांगा, एकाच अक्षराची गोष्ट आहे."

त्या गाडीने खरं भलं केलं ते मुकादमाच्या थोरल्या बहिणीचं. ताई त्यांच्याच घरी राहते. दहा वर्षांपूर्वी तिची नजर जायला लागली आणि हळूहळू उजेड-अंधार कळण्यापुरतीच राहिली. हात मात्र तिचे डोळ्यांच्या तोडीचे. वेताच्या खुर्च्यांची बैठक ती अशी विणते, की बघणाऱ्याने बोट फिरवून गाठ शोधावी आणि हरावं. कारखान्यांच्या रस्त्यावर खुर्च्यांची कार्यशाळा आहे, तिथे ती वीस वर्षं जात होती. नजर गेल्यावर जायला-यायला कुणीतरी सोबत लागायचं. आज भावाला काम, उद्या भावजयीला ताप, परवा कुणाला आणखी काही. शेवटी ताईनेच एक दिवस सांगून टाकलं, "मला कंटाळा आलाय, आता घरीच बसते." कंटाळा बिंटाळा काही नव्हता, हे तिघांनाही माहीत होतं. चार वर्षं ती घरी बसली. घरातली प्रत्येक खुर्ची दोनदा उसवून पुन्हा विणली.

गाडीचा थांबा दारापासून बावीस पावलांवर आला आणि ताई पहिल्याच आठवड्यात एकटी जाऊन बसली. गाडी बोलते. पुढचा थांबा कुठला, दार कुठल्या बाजूला उघडणार, पायरी किती उंच, सगळं सांगते. आठवड्यातून तीन दिवस ताई कार्यशाळेत जायला लागली. केसांना पुन्हा पिना लावायला लागली. सकाळी काठी हातात घेऊन म्हणायची, "येते रे," आणि कुणी "सोडायला येऊ का?" विचारलं, की तिला तो अपमान वाटायचा. कुणी विचारलंच, "भीती नाही वाटत? चालवणारा कुणी नाही," तर तिचं उत्तर तयार, "कुणी आहे की नाही, हे मला तसंही दिसत नाही."

तिसऱ्या महिन्यात गाडी अडायला लागली.

पहिल्यांदा एका मंगळवारी. परतताना, सव्वापाचच्या सुमारास, पाण्याच्या टाकीजवळच्या वळणावर गाडी मध्येच थांबली आणि हलेना. आत ताई आणि दोन प्रवासी. गाडी आपली गोड आवाजात सांगतेय, "कृपया बसून राहा." मागे शाळेची बस, तिच्यामागे टेम्पो, त्याच्यामागे भोंग्यांची रांग. चाळीस मिनिटांनी कंपनीचा माणूस आला आणि त्याने गाडी हाताने चालवत नेली. तोवर ताई उन्हाच्या बाजूला बसून भाजून निघाली. गुरुवारी पुन्हा तेच, त्याच वळणावर. शनिवारीही तेच. सकाळी मात्र तीच गाडी तिथूनच शहाण्यासारखी जायची.

इंजिनिअर बाई मुकादमाकडे आल्या. तो दुसऱ्या रस्त्यावर भट्टी पेटवत होता.

"मुकादम, टाकीजवळच्या वळणावरची रेघ ठीक आहे ना?"

मुकादमाने मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. "मॅडम, ती रेघ मी मारलीय."

संपलं. बाईंनी वहीत लिहिलं, 'रेघ तपासली, दोष नाही,' आणि त्या निघून गेल्या. त्यानंतर कंपनीच्या लोकांनी अकरा दिवस गाडीचे कॅमेरे उघडले, बसवले, पुन्हा उघडले. गाडी अडतच राहिली. साहेबांनी सांगितलं, सोमवारी बैठक. यंत्र बिघडलेलं असेल तर गाडी बंद करून टाकू.

रविवारी मुकादमाचा मेहुणा जेवायला आला. बायकोचा धाकटा भाऊ. स्टेशनच्या स्टँडवर टॅक्सी चालवतो. हात धुता धुताच त्याने सुरुवात केली.

"काय भावजी, तुमच्या भुताच्या गाडीने काल पुन्हा बसकण मारली म्हणे!"

"माझी कशाला? मी काय पाळलीय?"

"माझी आहे," ताई म्हणाली. "काय बोलायचं ते मला बोल."

"ताई, तुम्ही माझ्या टॅक्सीत बसत जा. दारातून नेतो, दारात सोडतो."

"हे तू चार वर्षं म्हणत होतास. आलास किती वेळा?"

"भाडं लागलं की मग..."

"तेच की. तुझं भाडं लागतं, याची रेघ राहते, हिचा स्वयंपाक व्हायचा असतो. त्या गाडीचं काही राहत नाही. वेळ झाली की येते. उपकार करत नाही आणि आठवण ठेवत नाही."

मेहुण्याचा चेहरा उतरला. "आमच्या स्टँडवर अठरा जण आहेत, ताई. स्टेशनवरचे लोक आता तिच्यात बसतात. आम्ही दुपारभर पेपर वाचतो. बाराही राशींचं भविष्य पाठ झालंय आम्हाला."

ताई हळूच म्हणाली, "तुझंही खोटं नाही रे. पण मग मी काय करू? घरी बसू?"

बायकोने सगळ्यांना वाढलं. मेहुण्याला मात्र गप्प बसवेना. "मी म्हणतो, असेल वेळेवर येत. पण अक्कल? माणूस समजून घेतो. आता त्या टाकीच्या वळणावर दोन रेघा दिसतात. आम्ही काय थांबतो का? एकीकडे कानाडोळा करतो आणि पुढे जातो."

मुकादमाचा हात ताटातच थांबला. "दोन रेघा? कुठे आहेत तिथे दोन रेघा?"

"अहो, संध्याकाळी. दरवर्षी या दिवसांत. ऊन समोरून आलं की आतली जुनी रेघ चकाकते आणि बाहेरची दिसतच नाही. सहा वर्षं बघतोय. स्टँडवर नवीन कुणी आला, की पहिल्याच दिवशी सांगून ठेवतो, टाकीपाशी रेघेवर विसंबू नको, अंदाजाने जा."

"सहा वर्षं? आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुम्हाला? रेघेबद्दल?" मेहुणा हसला. "भावजी, मला या घरात जेवायला यायचं असतं."

बायको हसली, ताईही हसली. मुकादम उठून हात धुऊन आला, ताट तसंच ठेवून.

पाच वाजता तो वळणावर पोहोचला. सुट्टीचा दिवस, रस्ता मोकळा. ऊन टाकीच्या बाजूने सरळ डोळ्यात येत होतं. तो उभा राहिला. काही दिसलं नाही. त्याची पांढरी रेघ जागच्या जागी होती, धुळीने जराशी मळलेली. मग त्याने मागेपुढे बघितलं, सायकल आडवी लावली, आणि स्वच्छ धुतलेल्या शर्टानिशी रस्त्यावर आडवा झाला. गाल टेकला. डोळा मिटला.

पांढरी रेघ करडी होऊन डांबरात मिसळून गेली होती. तिच्या आत, हातभर अंतरावर, दुसरी रेघ काचेसारखी झळझळत होती. अगदी सरळ.

ती त्याचीच होती. सहा वर्षांपूर्वी वळण रुंद केलं आणि रेघ हातभर बाहेर सरकवायची होती. नियम असा, की जुनी रेघ यंत्राने खरवडून मुळापासून काढायची. त्या आठवड्यात खरवडायचं यंत्र बिघडलेलं होतं आणि रस्ता सोमवारी उघडायचा होता. मुकादमाने जुन्या रेघेवर काळा रंग फिरवला. रेघ दिसेनाशी झाली. काळ्यावर काळं, कोण बघतंय? उभ्याने बघून तो समाधानाने घरी गेला होता. एकतीस वर्षांतली एवढी एकच रेघ त्याने आडवं होऊन बघितली नव्हती. आणि तिचं काळं काम, त्याला आता तिथे पडल्या पडल्या वाटलं, किती नीट केलं होतं मेल्याने! कडेला थेंबभर बाहेर नाही. खाली जुन्या रेघेचा उंचवटा, वर गुळगुळीत रंग; ऊन पडल्यावर चमकणार नाही तर काय. गाडीला एक रेघ सांगत होती, इकडून ये, दुसरी सांगत होती, तिकडून. ती बिचारी थांबत होती. कानाडोळा करणं तिला शिकवलेलं नव्हतं.

घरी आला तेव्हा बायको वाटाणे सोलत होती. खांद्याकडे बघून म्हणाली, "अहो, आज रविवारी कुठली रेघ पूर्ण केलीत?"

त्याने सांगितलं. सगळं, काही न वगळता. शेवटी म्हणाला, "उद्या बैठक आहे. सगळे यंत्राचीच चूक म्हणतायत. मी बोललो नाही तर कुणाला कधी कळायचं नाही. आणि बोललो, तर एकतीस वर्षांचं नाव..."

बायकोने वाटाण्याची शेंग दाबली, दाणे भांड्यात पडू दिले. "वन्सं परवा मंगळवारी पिना लावून तयार बसतील," एवढंच ती म्हणाली.

ताई आतल्या खोलीत होती. दार उघडंच होतं. "मी ऐकलंय सगळं," तिचा आवाज आला. "म्हणजे इतके दिवस मी उन्हात शिजले ती तुझ्यामुळे?"

"हो, ताई."

"आणि मी त्या गाडीला काय काय बोलले!" मग आवाज जरा बदलला. "सांगशील ना रे?"

"सांगतो."

सोमवारी दुपारी बैठकीत साहेबांनी गाडी बंद करायचा कागद पुढे ओढला तेव्हा मागच्या खुर्चीवरून मुकादम उठला. "साहेब, सही पाच मिनिटं थांबवा. म्हणजे, सव्वापाचपर्यंत. आणि सगळे टाकीच्या वळणावर चला."

साहेबांना अशी माणसं आवडत नाहीत. पण मुकादम एकतीस वर्षांत बैठकीत तोंड उघडून बोलला नव्हता, म्हणून ते आले. इंजिनिअर बाई आल्या, आणखी चौघे आले. वळणावर रस्ता अडवून मुकादमाने बाईंना सांगितलं, "मॅडम, आडव्या व्हा." बाईंनी इस्त्रीच्या कपड्यांकडे बघितलं, मुकादमाच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि त्या सरळ डांबरावर झोपल्या. क्षणभराने खालून आवाज आला, "अरे देवा!" साहेब गुडघ्यांवर हात ठेवून, कण्हत, जमेल तेवढे वाकले. त्यांनाही दिसली.

"हे काळं कुणी फासलं?" साहेबांनी विचारलं.

"मी," मुकादम म्हणाला. "खरवडायला हवी होती, खरवडली नाही. आणि मॅडमनी विचारलं तेव्हा मी न बघताच ठीक आहे म्हणून सांगितलं. यंत्राचा दोष नाही, साहेब. माझा आहे."

बाई उठल्या. गालावर खडीचे ठसे. "मुकादम, आमच्या माणसांनी अकरा दिवस कॅमेरे उघडले हो."

"मला विचारायचं होतंत."

"विचारलं होतं!"

कुणीतरी मागे फिस्सकन हसलं. मुकादमाची मान खाली गेली, पण फार वेळ नाही. त्याने खाकरून घसा साफ केला. "साहेब, आणखी एक. खरवडायचं यंत्र बंद होतं त्या आठवड्यात दुसऱ्या टोळ्यांनीही असंच काळं फासलंय. मी रस्ता अडवायचे मोडके शंकू आणायला गेलो होतो तेव्हा बघितलं होतं. चार जागा आहेत." त्याने चारही जागा सांगितल्या, खांबांच्या नंबरासकट, डोळे मिटून. तिथे अजून कुठलीच गाडी अडली नव्हती.

"मुकादम," साहेब म्हणाले, "तुम्हाला सांगायला लागलं की थांबता येत नाही का?"

"रेघ अर्धी सोडता येत नाही, साहेब."

गाडी बंद करायचा कागद त्या दिवशी सही न होताच फायलीत गेला. मुकादमाला मात्र दुसरा कागद मिळाला, तंबीचा. त्यात त्याने काय केलं, काय करायला हवं होतं आणि पुढे काय करू नये हे दोन पानं भरून लिहिलं होतं. बायकोने तो चष्मा लावून पूर्ण वाचला, ट्रंकेतल्या त्याच्या प्रशस्तिपत्रकांच्या वर नीट घडी घालून ठेवला आणि म्हणाली, "एकतीस वर्षांत तुमच्या कामाबद्दल कुणी एवढं सविस्तर लिहिलं नव्हतं." शेजारणीने विचारलं, तर तिलाही तिने स्वतःहूनच सांगितलं, चूक काय झाली तेही आणि कबूल कुणी केली तेही. सांगताना तिची मान जी ताठ होती, ती बघण्यासारखी होती.

खरवडायला दोन सकाळी लागल्या. मुकादमाने यंत्र दुसऱ्या कुणाच्या हातात दिलं नाही. काळ्याखालून पांढरं निघालं, पांढऱ्याखालून डांबर निघालं. उरलेला चर त्याने खडीमिश्रित डांबराने भरून आजूबाजूसारखा खरखरीत केला. मग बाहेरची रेघ धुतली आणि तिच्यावर नव्याने रंग आणि मणी. आणि संध्याकाळचं ऊन समोरून येईपर्यंत तो तिथेच थांबला, आडवं व्हायला.

पुढच्या मंगळवारी तो सव्वापाचला वळणाच्या कडेला उभा होता. मेहुण्याची टॅक्सी शेजारी येऊन थांबली. आठवडाभर तो घरी फिरकला नव्हता.

"भावजी, तुम्ही आमच्या पोटावर पाय दिलात," तो खिडकीतून म्हणाला. "ती गाडी आपोआप बंद पडत होती."

"हो रे. दिला." मुकादम म्हणाला. "पण खोट्या रेघेवर तुमचा स्टँड किती दिवस चालला असता?"

मेहुण्याने इंजिन बंद केलं आणि तोही खाली उतरला. दोघे कठड्याला टेकून उभे राहिले. ऊन सरळ डोळ्यात येत होतं. लहानशी गाडी कारखान्यांच्या बाजूने आली, वळणापाशी वेग कमी केला आणि रेघेच्या कडेने, जणू कुणी बोट धरून नेतंय अशी, वळून निघून गेली. खिडकीत ताईचं डोकं दिसलं, पिना लावलेलं. ती समोर बघत होती.

दोन मिनिटांनी मुकादमाचा फोन वाजला.

"अरे, ते टाकीचं वळण कधी येतंय?" ताई विचारत होती. "मी मघापासून दांडा घट्ट धरून बसलेय."

"गेलं, ताई."

"गेलं? कधी? मला कळलंच नाही!"

मुकादमाने फोन कानापासून काढला, आवाज वाढवला आणि मेहुण्याच्या कानाशी धरला.

"ताई," मुकादम म्हणाला, "पुन्हा एकदा सांग. जरा मोठ्याने."